पऱ्हाटीखालचं मुंगूस

३ जुलै १९७९, मंगळवार

आज शां. बोलली.

गुढीपाडव्याच्या आठवड्यात तिला झटका आला. उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही गेली. तेव्हापासून एक शब्द नाही. लग्नापासून जी बाई झोपेतसुद्धा बोलायची, ती नुसती पाहते.

सकाळी मागच्या दाराशी खाट ओढली, शांताला उशीला टेकवून बसवलं. मी स्टोव्हला पिन मारत होतो. मागून आवाज आला, "रामाची शप्पत." जड, तोंडात भात असल्यासारखा, पण स्पष्ट. पळत गेलो. धुण्याच्या दगडाशी मुंगूस. मान वळवून सरळ तिच्याकडे पाहून राहिलेलं. लहानपणी आम्ही सगळेच ओरडायचो, मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ. त्या गाण्याचं शेपूट तिच्या जिभेवर कुठून आलं कोण जाणे.

मुंगूस कुंपणातून गेलं. मी वेड्यासारखा तिचे गाल धरून "म्हण, अजून म्हण" करत बसलो. दूध उतू गेलं.

४ जुलै

दिवसभर मागे लागलो. "शांते, पाणी म्हण. नुसतं पा म्हण." पाहते. तोंडाची डावी बाजू थोडी हलते, बस. शेवटी मी चिडलो, मग चिडल्याबद्दल स्वतःवर चिडलो.

शेजारच्या लांजेवारबाईंना सांगितलं. मी ड्यूटीवर असलो की त्याच शां.पाशी बसतात, पाणी पाजतात, कूस बदलतात. हात जोडून म्हणाल्या, "शुभ हाये भाऊ. मुंगूस दिसनं म्हंजे लयच शुभ. आता पाहा, बाई कशी घडाघडा बोलते ते."

त्यांच्या तोंडात साखर पडो.

७ जुलै

नागपूरला मेडिकलच्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉ. वयानं तरुण आहेत, पण नीट ऐकून घेतात. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण ते बोलणं नव्हे. लहानपणी पाठ झालेलं असतं, गाणी, आरत्या, शिव्यासुद्धा, ते कधीकधी आपोआप बाहेर पडतं. तिला तहान लागली आणि ती पाणी म्हणाली, तर मी बोलणं म्हणेन. स्वतःच्या मनातला एक शब्द. तो आला की मला सांगा."

"केव्हा येईल?"

"यायचा तो पहिल्या काही महिन्यांत येतो. दिवाळीपर्यंत वाट पाहू."

येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलो. बाजूचा माणूस उगाच संत्र्याच्या भावाबद्दल बोलून राहिला होता.

८ जुलै, रविवार

ठरवलं. पाठ असलेलं तर पाठ असलेलं. आधी ते सुटू दे, त्याच्या मागून बाकीचं येईल. गंजलेला नळ आधी लाल पाणीच टाकतो. मुंगूस रोज आलं पाहिजे.

११ जुलै

अंडं आणलं. शां. माळकरी आहे, या घरात कधी अंडं आलं नाही. बाजारातून डब्यात लपवून चोरासारखं आणलं, वर पोळी झाकली. दगडापाशी ठेवलं. कावळ्यानं नेलं. दुसरं ठेवलं. कॉलनीतल्या लंगड्या कुत्र्यानं फोडलं आणि वर माझ्याकडे पाहून शेपूट हलवली.

शां. सगळं पाहून राहिली होती. अंडं पाहिल्यावर तिनं डोळे मोठे केले. मला बरं वाटलं, रागावली तरी.

१५ जुलै

हे क्वार्टर म्हणजे काय, पुढे मोरीएवढं अंगण, मागे चार दोऱ्या वाळत घालायची जागा, एक तुळस, एक पपई, आणि सगळ्यावर आमच्याच पॉवर हाऊसची राख. उघड्या अंगणात मुंगूस कायले थांबेल? आमच्या गावच्या खळ्यात पऱ्हाटीचा ढीग असायचा, त्याच्याखाली दर साली मुंगसं निघायची. कपाशीचं वाळलेलं लाकूड, त्यात हवा खेळते, कुत्र्याला घुसता येत नाही.

मौद्याकडे भावाला निरोप धाडला. आज त्यानं बैलबंडी भरून पऱ्हाटी पाठवली. मागच्या भिंतीला लावून रचली, खाली विटा दिल्या, एक तोंड ठेवलं. घमेल्यात पाणी.

लांजेवारबाई कुंपणावरून, "भाऊ, भर पावसाळ्यात पऱ्हाटी? ओली होईन. पेटनार नाई."

"पेटवायची नाही."

"मंग काहून आनली?"

सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसल्या की काय केलं, दिसलं नाही.

२० जुलै

आलं! भोंगा झाल्यावर थोड्या वेळानं. पपईच्या आडून लांबडं, करडं, पोट जमिनीला लावून. मागच्या पायांवर उभं राहिलं, वास घेतला, अंड्यापाशी गेलं. मग काय केलं तर आमच्याकडे पाठ केली, अंडं पुढच्या पायांत धरलं आणि मागच्या पायांमधून दगडावर फेकलं. फुटलं. निवांत चाटलं. ही बॉल टाकायची पद्धत पाहून मी एकटाच हसलो. पोटभर झाल्यावर पऱ्हाटीखाली गेलं ते दुपारपर्यंत निघालं नाही.

शां. बोलली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळं. "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शप्पत." मी चमचा हातात धरून उभा.

नंतर "पाणी"? काही नाही.

२८ जुलै

रोज येतं. शां. रोज म्हणते. तेच, तेवढंच. मुंगूस गेलं की झाकण लागल्यासारखी. मी तिच्यासमोर पेला धरून उभा राहतो, ती ओठ उघडते, मला वाटतं आता, आता, आणि ती नुसती प्यायला तोंड उघडून बसलेली असते.

ड्यूटीवर लक्ष नाही. कोळशाचा पट्टा चालू करायच्या आधी घंटी द्यायला विसरलो. साहेब बोलले. बरोबरच बोलले.

५ ऑगस्ट, रविवार

काल मुलगी आली भंडाऱ्याहून. मंदा शां.समोर बसली, "आई, मी कोण? सांग ना वं, मी कोण?" शां.नं तिच्या गालाला डावा हात लावला, वाकडी हसली आणि म्हणाली, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव."

मंदा स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी बाहेरून भांडी वाजवत राहिलो, म्हणजे तिला मोकळं रडता येईल.

संध्याकाळी म्हणाली, "बाबा, तुम्ही थकलात. आईला माझ्याकडे न्या. जावई काही म्हणणार नाहीत."

"तिथं मुंगूस कुठं आहे?"

"बाबा, तुम्ही पण ना!"

रागावून झोपली. आज सकाळी जाताना मात्र चार अंडी आणून ठेवली कोनाड्यात.

१० ऑगस्ट

पिल्लं! मुंगूस नसून मुंगशीण आहे. सकाळी पऱ्हाटीच्या तोंडाशी दोन उंदराएवढी डोकी. आईनं एकेकाला मानेला धरून आत ओढलं. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. शां.सारखीच, मंदा लहान असताना दिवसभर हेच चालायचं.

पण खरी गोष्ट ती नाही. मी अंगणाकडे पाठ करून तिच्या खाटेशी बसलो होतो, मला दिसलं नव्हतं. शां.नं डाव्या हातानं माझा सदरा ओढला. ओढला, आणि बोट दाखवलं. मी "काय?" म्हटलं तर पुन्हा ओढला. तिला मला काही सांगायचं होतं! झटका आल्यापासून पहिल्यांदा. शब्द नाही, पण सांगणं तर झालं ना? डॉ.ना आता काय म्हणायचं ते म्हणू द्या.

आम्ही दोघं दुपारपर्यंत पाहत बसलो. भात उशिरा केला.

१३ ऑगस्ट

पिल्लं आता उन्हात येतात. कुणाला सांगितलं नाही, लांजेवारबाईंनाही नाही, कॉलनीतली पोरं जमतील. एक धीट आहे, घमेल्यात पाय घालतं. शां. त्यांच्यासाठी तो श्लोक म्हणत नाही, फक्त आईसाठी म्हणते. पिल्लं दिसली की माझा सदरा. आज मी मुद्दाम दूर उभा राहिलो, हाक मारते का पाहायला. हात हवेत तसाच राहिला तिचा. मला लाज वाटली, जवळ गेलो.

१८ ऑगस्ट

पडून पडून शां.च्या पाठीला जखम झाली. मी रोज कूस बदलतो, लांजेवारबाई बदलतात, तरी झाली. ताप. रात्रपाळी कशी केली माझं मला माहीत. कंपाउंडर येऊन मलमपट्टी करून गेला, म्हणाला, अशा पेशंटचं असंच असतं. असंच म्हणजे कसं?

दिवाळी जवळ येऊन राहिली. शब्द नाही. खरं सांगायचं तर मला आता वाटत नाही. कोणाला सांगत नाही, इथं लिहितो.

२१ ऑगस्ट

ताप उतरला. उद्या पोळा. लांजेवारबाई आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, परवा मारबत हाये, पीडा हाकलाचा दिस. या साली तुमच्या घरची पीडा बाहेर काढून टाकू आपन. बाईची जुनी गोधडी, उशी, जे काय तिच्या आजाराचं असन ते सकाळी गावच्या सीवेवर नेऊन जाळू. गावाकडं आमी तसंच करतो. दुखनं पार सीवेबाहेर जाते."

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नाही. पण गेल्या आठवड्यात सगळा विश्वास बसला आहे माझा, कशावरही. म्हटलं, "न्या. जे तिच्या आजाराचं असेल ते सगळं न्या."

परवा माझी पहिली पाळी आहे. बाई म्हणाल्या, तुम्ही जा बिनघोर.

२२ ऑगस्ट, पोळा

दाराला पळसाच्या फांद्या लावल्या. पुरणपोळी लांजेवारबाईंकडून आली. शां.ला कुस्करून दूध घालून दिली, बरी खाल्ली. कॉलनीत बैल कुठले, पोरं लाकडी बैल ओढून राहिली होती. मुंगशीण दुपारी एक बेडूक घेऊन आली.

२३ ऑगस्ट

दोनला घरी आलो. मागचं अंगण शेणानं सारवलेलं. भिंतीपर्यंत स्वच्छ. रांगोळी. लांजेवारबाई आणि गल्लीतल्या दोघी-तिघी बसलेल्या, हातपाय राखेचे, तोंडं आनंदानं फुललेली.

"पऱ्हाटी?"

"नेली ना भाऊ. सकाळीच नेली सीवेवर. 'घेऊन जा गे मारबत' करून जाळली समदी."

"काहून? पऱ्हाटी काहून?"

बाई माझ्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. "तुमीच म्हटलं ना, आजाराचं समदं न्या. बाई दिवसभर त्या ढिगाकडंच पायत राहते. आमाले वाटलं, तिची पीडा तिथंच अडकून हाये. म्हनून तिचा जीव तिकडं लागते. मुंगूस तर आधीच भायेर गेलं व्हतं. खाली बीळ होतं, सापाचं असन म्हनून राखेनं बुजवलं. पानी टाकून टाकून चांगलं ठोकलं."

शां.कडे पाहिलं. खाटेवर आडवी, केस सुटलेले, डावा हात खाटेच्या बाहेर. घसा बसलेला.

"बाई लय वरडली भाऊ. नुसती आ आ आ. आमी म्हटलं, पीडा सुटून राहिली, आता बाई बरी होते."

मी काय बोललो ते लिहीत नाही. बायका पदर सावरत उठून गेल्या. लांजेवारबाई दाराशी थांबल्या, त्याही गेल्या.

खुरपं घेऊन बीळ उकरलं. राख ओली, सिमेंटसारखी बसलेली. शां.च्या डोळ्यांसमोर उकरलं, खाट फिरवायचं सुचलं नाही. हातभर खाली दोन्ही पिल्लं, एकमेकांना चिकटून. पपईखाली पुरली.

२४ ऑगस्ट

मुंगशीण आली. सारवलेल्या अंगणात इकडून तिकडे. भिंत हुंगली. जिथं बीळ होतं तिथं उकरलं, थांबली, पुन्हा उकरलं. मागच्या पायांवर उभी राहून घराकडे पाहिलं, अगदी समोरून.

शां. गप्प. पाठ असलेलंसुद्धा आलं नाही.

मुंगशीण दिवसभरात बऱ्याचदा येऊन गेली. अंडं ठेवलं, हुंगलंसुद्धा नाही.

२६ ऑगस्ट

लांजेवारबाई आज पाळीच्या वेळी येऊन बसल्या. मी बोललो नाही. त्याही बोलल्या नाहीत. पण मी न बोलून करू काय? त्या नाही आल्या तर शां.ला कोण पाहणार? राग धरायलासुद्धा घरात माणूस लागतं.

संध्याकाळी निघताना दाराशी म्हणाल्या, "भाऊ, मले काय मालूम, पिल्लं व्हती. मी सोता चार लेकरांची माय हावो." आणि रडल्या. "असू द्या बाई," म्हटलं. असू द्या म्हणजे काय असू द्या, देव जाणे.

भावाला पुन्हा निरोप पाठवला, पऱ्हाटी पाठव.

३० ऑगस्ट

बंडी आली. ढीग रचला, तसाच, विटा देऊन. मुंगशीण कुठं दिसत नाही. शां. मागच्या दाराशी ठेवली की डोळे मिटते. झोपत नाही, मिटते. मी "पाहा वं, पाहा" म्हणतो. पापण्या आणखी घट्ट करते.

३ सप्टेंबर, सोमवार

सकाळी खाट ओढायला घेतली. रोजच्यासारखी, मागच्या दाराशी. पऱ्हाटीत काहीतरी हललं असं मला वाटलं. म्हटलं, "शांते, आली बघ! चल, बाहेर चल." खाटेचा पाय उंबऱ्याला लागला, मी जोर लावला.

ती म्हणाली, "नको."

स्वच्छ. जड नाही, तोंडात भात नाही. माझ्याकडे पाहून. लांजेवारबाई पाणी भरायला आल्या होत्या, त्यांच्या हातातून बादली पडली.

मी खाली बसलो. "काय म्हणालीस? शांते, काय नको? बाहेर नको? मुंगूस नको? अंडं, औषध, काय नको सांग." तिनं माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ, मग भिंतीकडे तोंड केलं. लांजेवारबाई मागून हात जोडून रडत म्हणत होत्या, "बोलली वं माय, बोलली." माझ्या अंगाला काटा आला. आनंदाचा म्हणावा, तर तसा नव्हता.

६ सप्टेंबर

मेडिकलमध्ये जाऊन आलो. डॉ. खुर्चीतून उठले. "काका! हा शब्द. हाच शब्द. हे बोलणं आहे!" माझा हात धरून हलवला. "आता तिला प्रश्न विचारा. साधे. हे हवं का, ते हवं का. नको म्हणू द्या, हो म्हणू द्या. रोज विचारा. यातूनच पुढे येईल."

बरं म्हटलं. बाहेर येऊन व्हरांड्यात बसलो. एका म्हाताऱ्यानं तंबाखू दिली, खाल्ली.

१० सप्टेंबर

विचारून राहिलो. भात हवा का? पाहते. पाणी हवं का? पाहते. मंदाला बोलावू का? पाहते. भंडाऱ्याला जायचं का? पाहते.

काल जखमेवर पट्टी बदलताना, "नको." तेवढंच. मी पट्टी केलीच. डोळ्यांतून पाणी गळलं तिच्या, मी पुसलं.

लांजेवारबाईंनी गणपतीला नवस केला आहे म्हणे. करू देत.

१४ सप्टेंबर

दोन वेळा म्हणाली. एकदा चमचा ओठांशी नेला तेव्हा. एकदा काहीच नसताना, मी नुसता खाटेजवळ बसलो होतो. सदरा ओढला, मी वाकलो, आणि म्हणाली.

मी तिला विचारायचे सगळे प्रश्न विचारून झाले. एक राहिला. तो डॉ.नी सांगितलेला नाही, मला रोज सुचतो, ड्यूटीवर, भांडी घासताना. शांते, तुला जगायचं आहे का, एवढाच. मला माहीत आहे ती उत्तर देईल. आता तिला येतं.

आज विचारलं नाही. खाट आत घेतली, दार लावलं, स्टोव्ह पेटवला, भात टाकला.